गॅरेजसाठी नट-बोल्टची लोखंडी रॅक : तीन पावसाळ्यांनंतर

आमचं रो-हाऊस नाशिकच्या इंदिरानगरला आहे. शटरचं गॅरेज, १० फूट रुंद आणि १८ फूट लांब. त्यात ह्यांची गाडी राहते आणि माझा धंदाही राहतो. धंदा म्हणजे उन्हाळी वाळवण. कुरडया, उडदाचे आणि नागलीचे पापड, सांडगे, शेवया. होळी झाली की सुरू होतं ते मृगाच्या तोंडावर संपतं, आणि मग तो सगळा माल दिवाळीपर्यंत, कधी संक्रांतीपर्यंत, तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्यांत भरून ठेवायचा असतो. शिवाय तळणीचं फरसाण करते, त्यासाठी तेलाचे भरलेले डबे असतात. गणपतीचं मखर, रंगाचे डबे, बांधकामातून उरलेल्या फरश्या, ह्यांची हत्यारं, बागेचा पाइप हे वेगळंच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी अंबड लिंक रोडवरून नट-बोल्टने जोडायच्या दोन लोखंडी रॅक करून आणल्या. प्रत्येकी ७ फूट उंच, ३६ इंच लांब, १८ इंच खोल, पाच कप्पे. त्यावर तीन पावसाळे गेले. कुणी विचारलं की मी या रॅक बिनधास्त घ्या म्हणते. पण कशा घ्यायच्या ते नीट सांगितल्याशिवाय सोडत नाही, कारण याच जातीच्या रॅकने मला आधी एकदा चांगलंच रडवलं आहे.

ती गोष्ट २०२१ ची. घाईत होते. एका दुकानात रॅक उभी दिसली, राखाडी रंगाची, चकचकीत. "किती गेजचा पत्रा आहे?" एवढं मी विचारलं होतं. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा. "वीस गेज आहे ताई, डोळे झाकून न्या." २,६०० रुपये दिले आणि आणली. बिलावर लिहिलेलं होतं "रॅक १ नग", बस. पुढच्या एप्रिलमध्ये खालून दुसऱ्या कप्प्यावर मी तेलाचे चार भरलेले डबे ठेवले. दोन दिवसांत पत्र्याला पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. मला वाटलं, असेल, लोखंड आहे, थोडं दबणारच. आठव्या दिवशी दुपारी मी वर गच्चीवर कुरडया उलटवत होते आणि खालून असा आवाज आला की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. कोपऱ्यातलं बोल्टचं भोक फाटून पत्रा निसटला होता, डबे पुढे आले होते आणि अख्खी रॅक गाडीच्या डिकीवर टेकून उभी होती. दोन डबे फुटले. तीस किलो शेंगदाणा तेल फरशीवर. ते पुसायला लाकडाचा भुसा आणला, दोन दिवस गेले, आणि तेलाचा वास पावसाळ्यापर्यंत गेला नाही. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाचच मिनिटांपूर्वी तिथून डबा घेऊन वर आल्या होत्या. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, एवढं वजन ठेवायचं असतं का त्याच्यावर?" साठ किलो. माल ठेवायच्या रॅकवर साठ किलो ठेवायचे नाहीत तर काय ठेवायचं? बिलावर गेज नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

त्याच्याही आधी सुताराकडून प्लायवूडचं फडताळ करून घेतलं होतं. दिसायला देखणं. पण सुताराने साधा कमर्शियल प्लाय वापरला होता, आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. दुसऱ्या वर्षी खालच्या फळीवर बोट दाबलं तर बोट आत गेलं. वाळवी. प्लाय घ्यायचाच असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा घ्यावा, आयएस ३०३ चा कमर्शियल गॅरेजमध्ये नको, एवढं त्यातून शिकले. पण ७१० सुद्धा वाळवीविरुद्धची हमी मानू नका, आणि त्या प्लायचं फडताळ लोखंडाच्या कितीतरी वर जातं. गॅरेजसाठी मी तरी आता लाकडाच्या वाटेला जाणार नाही.

माझं माहेर पंचवटीतलं, गोदाकाठापासून फार लांब नाही. जुन्या घरात भिंतीतच कोनाडे आणि कडप्प्याच्या फळ्यांची मांडणी होती. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं असं कळलं की आई खालच्या खणातलं धान्य वरच्या खणात चढवायला घ्यायची. सप्टेंबर २००८ च्या पुरात तिने रात्रभर तेच केलं. त्यामुळे सामानाचा खालचा कप्पा जमिनीला टेकलेला दिसला की मला चैन पडत नाही. इंदिरानगरला नदीचं पाणी येत नाही, पण पश्चिमेकडून तिरपा पाऊस लागला की शटरच्या खालून पाणी आत येतंच. म्हणून माझ्या दोन्ही रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून ६ इंचांवर आहे. तिथून झाडूही फिरतो आणि पालीझुरळांना अडोसा मिळत नाही.

कडप्पा मला मनापासून आवडतो. गंजत नाही, वाळवी लागत नाही, पुसला की स्वच्छ. पण तो बांधकामाबरोबरच व्हायला हवा. मागाहून करायचा तर विटांचे खांब उभे करा, त्यातच गॅरेजची जागा जाते, आणि कप्प्याची उंची एकदा ठरली की ठरली. चौकोनी पाइपची वेल्डिंग केलेली रॅक हाही चांगला पर्याय आहे, ताकदीला तर नट-बोल्टपेक्षा सरस. पण तिथेही कप्पे हलवता येत नाहीत, आणि वेल्डिंगच्या सांध्यावर रेड ऑक्साइडचा हात नीट बसला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. माझा माल दरवर्षी बदलतो. कधी शेवयांचे उभे डबे जास्त, कधी पापडांचे. मला कप्पा वरखाली करता येणं हवंच होतं.

आता मुख्य गोष्ट. रॅक पडल्यावर माझा भाचा आला होता, मेकॅनिकलला आहे. मी माल तोलायला हुकाचा डिजिटल काटा वापरते. त्याने त्या तुटलेल्या रॅकचा एक कप्पा त्या काट्याला अडकवला. २ किलो ४०० ग्रॅम. मग कागदावर हिशोब मांडला. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा भरतो ७.८५ किलो. ३६ बाय १८ चा कप्पा चारही बाजूंनी दुमडलेला असतो, तो उलगडला तर साधारण ४० बाय २२ इंचांचा पत्रा. त्यावरून जाडी निघाली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. म्हणजे २४ गेज. मला २० गेज म्हणून विकला होता. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७, आणि २४ म्हणजे ०.५५ च्या आसपास. जाडीत डोळ्याला फरक दिसत नाही, कारण दुमडलेली कड सगळ्यांची सारखीच जाड दिसते आणि वर पावडर कोटिंग असतं. पण भाचा म्हणाला, मामी, सपाट पत्र्याची जाडी दुप्पट झाली तर तो वाकायला आठपट जोर लागतो. हे कळल्यावर मला त्या "वीस गेज आहे ताई"चा खरा राग आला.

तेव्हा माझा साधा नियम असा झाला : ३६ बाय १८ चा सुटा कप्पा काट्याला लावायचा. अडीच किलोच्या आत भरला तर तो २४ गेज, घेऊच नका. तीन-सव्वातीन किलो म्हणजे २२, चादरी-उशा आणि मखरासाठी ठीक. चार किलो म्हणजे २०. सव्वापाचच्या पुढे गेला तर १८. शे-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे होतात, कारण प्रत्येकाची दुमड वेगळी असते, पण जात लगेच ओळखू येते.

२०२३ मध्ये काटा पिशवीत घालूनच मी अंबड लिंक रोडला गेले. या रस्त्यावर पूर्वी मोठा भंगार बाजार होता, महापालिकेने २०१७ मध्ये त्यावर मोठी कारवाई केली, ते नाशिककरांना आठवत असेल. सातपूर आणि अंबड या दोन्ही एमआयडीसी जवळ, त्यामुळे लोखंडाचं काम जाणणारी माणसं या भागात आहेत. तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने काटा बघूनच तोंड फिरवलं. दुसऱ्याकडे २० म्हणून दाखवलेला कप्पा ३ किलो १०० भरला, मी काही न बोलता पुढे गेले. तिसरा एक फॅब्रिकेटर, पन्नाशीचा असेल, शेडमध्ये स्वतः प्रेसवर उभा होता. मी काटा काढला तर म्हणाला, "काकू, लावा ना. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली तर आम्हालाच बरं." त्याचा २० गेजचा कप्पा भरला ४ किलो ५० ग्रॅम. १८ चा ५ किलो ३००. तिथेच माझं ठरलं.

त्याने दुसरी गोष्ट सांगितली ती मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नव्हती. सगळे कप्पे एकाच गेजचे घ्यायची गरज नाही. "खालचे दोन अठराचे घ्या, वरचे तीन विसाचे. वर तुम्ही तेलाचा डबा चढवणार आहात का?" बरोबरच आहे. शिवाय खालच्या दोन कप्प्यांना पोटाखाली मधोमध एक आडवी पट्टी वेल्ड करून दिली. उभे अँगल १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटर जाड. मी ४ फूट लांबीची रॅक मागत होते, त्यालाही त्याने नाही म्हटलं. तेवढंच वजन ३ ऐवजी ४ फुटांवर ठेवलं तर झोळ दुपटीहून जास्त पडतो. चार फूट हवेतच तर मध्ये पाय घ्या, म्हणाला.

दोन्ही रॅक मिळून जीएसटीसकट ९,९०० रुपये झाले, टेम्पोचे ४०० वेगळे. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वाचवायला कच्चं बिल घेऊ नका, कारण बिलावर गेज लिहून घेणं हेच तर आपलं हत्यार आहे. माझ्या बिलावर स्वच्छ लिहिलंय : खालचे २ कप्पे १८ गेज पट्टीसह, वरचे ३ कप्पे २० गेज, अँगल १४ गेज.

माप मात्र मी चुकीचं दिलं, आणि ते सांगायलाच हवं. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा सव्वानऊ इंच बाय सव्वानऊ इंच असतो, उंची झाकणासकट १४ इंच. एकामागे एक दोन डबे ठेवले की झाले साडेअठरा इंच. कप्पा १८ चा! पुढचा डबा अर्धा इंच बाहेर डोकावतो. आणि लांबीला चार डबे म्हणजे ३७ इंच. कप्पा ३६ चा! एका इंचासाठी चौथा डबा बसत नाही. म्हणजे एका कप्प्यावर आठ बसायचे तिथे सहा बसतात आणि बाजूला आठ इंच रिकामे राहतात. त्या जागेत मी आता पापडाची लाटणी आणि सोऱ्याच्या चकत्यांची बरणी ठेवते, पण मन खातंच. रॅकची मापं ३६ बाय १२, ३६ बाय १५, ३६ बाय १८ अशी ठरलेली असतात, म्हणून आपण तीच घेतो. करूनच घ्यायची असेल तर आधी आपले डबे, खोकी, बादल्या जमिनीवर मांडा, टेप लावा आणि मग माप सांगा. उंचीचं मात्र मी नीट केलं. कप्पे जमिनीपासून ६, २४, ४२ आणि ६० इंचांवर, आणि सगळ्यात वरचा ८४ वर. कप्प्याची कड दीड इंचाची धरली तरी मध्ये साडेसोळा इंच उरतात, १४ इंचाचा डबा हात घालून उचलता येतो. वरच्या मोठ्या जागेत फरसाणाच्या मोठ्या पिशव्या, आणि माथ्यावर मखर.

गाडीचंही माप धरा. आमची गाडी चार मीटरच्या आतली, साडेबारा फूट लांब. मागे साडेपाच फूट उरतात, म्हणून १८ इंच खोलीच्या दोन्ही रॅक मागच्या भिंतीला. बाजूच्या भिंतीला लावायचा मोह झाला होता. पण गाडी नेहमीसारखी उभी केली, ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं आणि दाराच्या कडेखाली खडूने रेघ मारली. रेघ ते भिंत किती उरतं ते बघा. आमच्याकडे फूटभर उरलं. तिथे १२ इंचांच्या वर काही लावलं असतं तर रोज दार आपटलं असतं.

आता उतार. याबद्दल कुणीच बोलत नाही. गॅरेजची फरशी सपाट नसते. गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून ती शटरच्या बाजूला उतरती करतात. आमच्याकडे १८ फुटांत दोन इंचांचा उतार आहे. पायाखाली जाणवतही नाही. पण मागच्या भिंतीला लावलेली रॅक त्या उताराने पुढे झुकते. रॅक उभी करून भाच्याने वरच्या कप्प्यावरून ओळंबा सोडला, तर ७ फुटांवरून येणारा दोरा खाली पाऊण इंच पुढे आला. माझी पहिली रॅक गाडीवर का कलंडली ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पत्रा पातळ होताच, पण ती उभी होती तीच मुळी पुढे झुकून, आणि भिंतीला बांधलेली नव्हती. या वेळी चारही पायांखाली कडप्प्याचे तुकडे ठेवले, त्याने पाय पाण्यातही राहत नाहीत, आणि पुढच्या दोन पायांखाली शिवाय ४ मिलिमीटरची लोखंडी चकती सरकवली. ओळंबा सरळ आला.

जोडणी आम्ही घरीच केली. दोघांना एका रॅकला दीड तास लागला. दहा आणि तेराचा पाना, एवढंच हवं असं फॅब्रिकेटरने सांगितलं होतं, आमच्या बोल्टना तेराचाच लागला. सगळ्यात महत्त्वाचं, आधी बोल्ट फक्त हाताने बसवायचे, आवळायचे नाहीत. कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या सगळ्यात वरच्या आणि खालच्या कप्प्याला चुकवायच्या नाहीत. मग टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. आमचा एक कर्ण ९१ इंचांना लागला, दुसरा ९२ च्या जवळ. म्हणजे रॅक एका अंगाला झुकलेली. हाताने ढकलून दोन्ही सारखे केले आणि मगच पाना लावला. हे केलं नाही तर रॅक आयुष्यभर डुगडुगते.

शेवटी भिंत. वरच्या बाजूला दोन ठिकाणी ८ मिलिमीटरचे फास्टनर ठोकून रॅक भिंतीला बांधली. आमच्या भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे भोक विटेच्या मध्ये घेतलं, सांध्याच्या चुन्या-सिमेंटात नाही. हल्ली नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत हे फास्टनर धरत नाहीत, त्या ब्लॉकसाठी वेगळे मिळतात ते मागून घ्या. भिंत आणि रॅक यांच्यात मी दोन बोटं जागा सोडली आहे. ओलीची भिंत आहे, तिला हवा लागली पाहिजे.

तीन वर्षांत कशा वागल्या ते सांगते. खालच्या कप्प्यावर हंगामात तेलाचे सहा भरलेले डबे असतात, म्हणजे ९० किलो तेल, शिवाय डब्यांचं वजन. परवा दिवाळीचा माल काढल्यावर पुन्हा डबे ठेवून मी कप्प्याच्या पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. मधोमध दोरा आणि कड यांच्यात एक रुपयाचं नाणं जेमतेम सरकलं. दोन मिलिमीटरही नाही. डबे उतरवले की तेवढंही राहत नाही. मला एवढा आनंद झाला की मी फॅब्रिकेटरला फोन करून सांगितलं.

त्रुटी आहेत. कप्प्यांच्या कडा आतून घासलेल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात पुसताना माझं बोट चांगलं कापलं. पुसायला जाड फडकं घ्या, किंवा करून घेताना कडा घासून मागा. बोल्ट आवळताना पावडर कोटिंगचे टवके उडाले, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या आठ बोल्टांवर गंजाचे ठिपके आले. आता मेअखेरीस त्या बोल्टांना ग्रीसचा हात लावते, त्यानंतर वाढलेले नाहीत. नट-बोल्टच्या पिशवीत सहा बोल्ट कमी निघाले, ते आणायला ह्यांना परत लिंक रोडला जावं लागलं. पायांना लावायचे प्लॅस्टिकचे बूट दोन वर्षांत चिरले. हे शेवटचं मी मनावर घेत नाही, कारण कडप्पा आहे.

आणि एक विनंती. खाण्याचं आणि गाडीचं एका रॅकवर ठेवू नका. पहिल्या रॅकच्या वेळी मी जागेअभावी रंगाचा थिनर आणि कुरडयांचा डबा एका कप्प्यावर ठेवला होता. झाकण घट्ट होतं. तरी गव्हाच्या त्या कुरडया तळल्यावर घशाला थिनरचा वास आला. आठ किलो माल मी फेकून दिला, कुणाला विकला नाही. वाळवण कोरडं असतं, ते वास ओढून घेतं. आता एक रॅक फक्त मालाची, दुसरी बाकी सगळ्याची, आणि थिनर-पेट्रोल तर गॅरेजच्या बाहेर जिन्याखाली. फरश्यांच्या उरलेल्या पेट्या मात्र रॅकवर ठेवूच नका, एक पेटी पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते. त्या जमिनीवर भिंतीला उभ्या.

माझ्या धाकट्या बहिणीलाही अशीच रॅक हवी होती. ती पाथर्डी फाट्याजवळ अपार्टमेंटमध्ये राहते, खाली खांबांमधलं पार्किंग. तिला मी नको म्हटलं. ती जागा गॅरेज नव्हे, सोसायटीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे असं सांगितलेलं आहे, आणि तिथे रॅक उभी केली की उद्या शेजारी बोलणारच. तिच्या बाल्कनीत १२ इंच खोलीची, साडेपाच फूट उंच रॅक बसवून दिली. तिचं काम भागलं.

या मार्चच्या आधी मला तिसरी रॅक हवी आहे. परवा त्याच फॅब्रिकेटरकडे जाऊन माप देऊन आले : ३८ इंच लांब, १९ इंच खोल, खालचे तीन कप्पे १८ गेज पट्टीसह, वरचे दोन २० गेज, कडा घासून. "काकू, हे साच्याचं माप नाही, थोडे जास्त पडतील," म्हणाला. पडू देत. पिशवीतून मी दोन रिकामे डबे नेले होते, ते त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यालाच टेप लावायला सांगितला.